जुनी निघेना, नवी येईना

पावसच्या दीपक मयेकरचा एक सिद्धांत होता, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या घरी कुणाला चहा मिळत नसे. आपल्या कॉम्प्युटरवर कुठल्या प्रोग्रामची कुठली आवृत्ती नांदेल, हे परदेशातल्या कुठल्या कंपनीने ठरवायचं नाही. ते दीपक मयेकर ठरवणार! असं म्हणून तो टेबलावर अशी थाप मारायचा की कपातला चहा आपोआप बशीत यायचा.

दीपक मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. त्यामुळे वाडीत त्याच्याबद्दल दोन मतं होती. काहींना वाटायचं तो फार हुशार आहे, आणि काहींना वाटायचं त्याची नोकरी गेलीय. त्याची बायको राजश्री हिच्याबद्दल मात्र एकच मत होतं. ती आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ घरी करून विकायची, आणि तिची आंबापोळी खाल्लेला माणूस पुढचं बोलणं विसरायचा. यंदा पहिल्यांदाच तिला पुण्याच्या एका मोठ्या प्रदर्शनात टेबल मिळालं होतं. माल तयार होता, खोकी तयार होती. त्या शनिवारी संध्याकाळी टेम्पो माल न्यायला येणार होता. राहिली होती फक्त लेबलं, आणि ती छापायची होती घरच्या कॉम्प्युटरवर.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. चारचौघांच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम तयार येतो, हॉटेलातल्या ताटासारखा. दीपकने लिनक्सचा जो प्रकार घातला होता, त्यात ताट येत नाही, शिधा येतो! प्रोग्रामचा मूळ कोड येतो, सोबत कृती येते आणि मग आपल्याच मशीनने तो दळायचा, कांडायचा, शिजवायचा. याला म्हणायचं प्रोग्राम ‘बांधणं’. एखादा छोटा प्रोग्राम दाढी होईपर्यंत बांधून होतो. मोठा असला तर दाढी पुन्हा वाढते.

‘‘पण एवढं करायचं कशाला?’’ राजश्रीने एकदा विचारलं होतं.

‘‘अगं, तयार शर्ट आणि मापाने शिवून घेतलेला शर्ट यात फरक असतो की नाही?’’

‘‘असतो ना. तयार शर्ट वेळेवर मिळतो.’’

दीपकने ते मनावर घेतलं नव्हतं.

तर त्या शनिवारी सकाळी राजश्री पडवीत आली. तिथे कॉम्प्युटरसमोर दीपक बनियनवर बसला होता. ती म्हणाली, ‘‘संध्याकाळी टेम्पो येणार आहे. लेबलं छापून ठेवशील ना?’’

‘‘बसल्या जागी! फक्त छापायच्या आधी जरा अपडेट मारून घेतो.’’

राजश्री दारातच थबकली. ‘‘कसलं अपडेट?’’

‘‘सगळ्याचंच. आमच्यात त्याला ‘वर्ल्ड’ म्हणतात. एक कमांड दिली की अख्ख्या जगाचं अपडेट होतं!’’

‘‘जगाचं उद्या कर रे बाबा. आज माझी लेबलं कर.’’

‘‘अगं, दोन्ही होतील! तू निश्चिंत राहा.’’

राजश्रीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मथुराला हाक मारली. ‘‘मथुरा, चप्पल घाल. बरण्या कमी पडतील असं वाटतंय, रत्नागिरीला जाऊन येऊ.’’ दोघी रिक्षात बसून गेल्या.

दीपकने कमांड दिली. पडद्यावर अक्षरं धो धो वाहू लागली. ते दृश्य दीपकला फार आवडायचं. इतर लोक समुद्राकडे बघत बसतात, दीपक हे बघत बसायचा. पण अचानक ओहोटी लागल्यासारखी अक्षरं थांबली आणि खाली लालभडक ओळी आल्या.

भानगड अशी होती. लेबलांचा प्रिंटर होता जुना. त्याला चित्रांची एक जुनी लायब्ररी लागायची. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्राम मिळून जो भाग वापरतात, त्याला लायब्ररी म्हणतात. वाडीत एकच पाटा असावा आणि सगळ्यांनी त्यावर वाटून न्यावं, तशी. आता इंटरनेट बघायचा जो ब्राउझर, त्याची आली होती नवी आवृत्ती, आणि तो हटून बसला होता की मला लायब्ररीसुद्धा नवीच पाहिजे. प्रिंटर म्हणे, जुनी नसेल तर मी छापणार नाही. आणि जुनी-नवी दोघी एका जागी राहायला तयार नाहीत! एक आत आली की दुसरी बाहेर. दीपकने जुनीला राहू दिलं तर जगाचं अपडेट अडत होतं, नवीला आणलं तर लेबलं अडत होती.

‘‘हॅ! असल्या किती सोडवल्या आहेत,’’ असं म्हणून दीपकने बोटं मोडली आणि आधी ब्राउझरच बांधायला लावला. ब्राउझर म्हणजे सगळ्यांत अवजड! कॉम्प्युटरच्या आतला पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. डबा इतका तापला की वर झोपलेलं मांजर उठून खाली बसलं. दीपकने डब्याचं झाकण काढलं, माजघरातला टेबलफॅन आणून समोर लावला आणि मुंबईतल्या आपल्या मित्राला, समर्थला, फोन केला. समर्थच्या घरीही हीच सिस्टीम होती. त्याचं लग्न अजून व्हायचं होतं.

पंख्यांच्या आवाजात समर्थचं एक अक्षरही ऐकू येईना. म्हणून दीपक फोन घेऊन बाहेर आला, कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी, आणि ओरडून बोलू लागला. बाहेर ओरडायची गरज नव्हती, पण सुरुवातच ओरडून झाली होती.

‘‘अरे समर्थ, जुनी जाता जात नाही रे! ... हो ना! इतकी वर्षं घरात आहे, सगळं तिच्यावरच अवलंबून... नवी? नवी बघितलीय ना! एकदम हलकी, चपळ! जुनीसारखी जागा अडवत नाही... अरे पण नवीला आणली की ही तिला उभी करत नाही! एकमेकींना ब्लॉक करतात!’’

गडग्याच्या पलीकडे शेजारच्या गोदूबाई कोकमाची सालं वाळत घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

‘‘काय म्हणतोस? दोघींना ठेवू? एकाच घरात? ... वेगवेगळ्या कप्प्यांत? जमेल असं? ... वा! म्हणजे हिला कळणार नाही ती आहे आणि तिला कळणार नाही ही आहे! ... राजश्रीला? छे! तिला नाही सांगितलं. ती रत्नागिरीला गेलीय. ती यायच्या आत उरकून टाकतो!’’

गोदूबाईंच्या हातातलं कोकम तसंच राहिलं. राजश्री ही त्यांच्या माहेरच्या गावची, पूर्णगडची पोर. ही सोयरीक त्यांनीच जुळवली होती! ‘मुलगा निर्व्यसनी आहे, कॉम्प्युटरशिवाय त्याला काही सुचत नाही,’ अशी हमी त्यांनी भर मांडवात दिली होती. त्या आत गेल्या, पदराने हात पुसला आणि राजश्रीच्या वडिलांना, भिकाजी तांडेलांना, पूर्णगडला फोन लावला.

‘‘भिकाजीभाऊ, तुमच्या जावयान् दुसरी बघितलीन!’’

‘‘काय बघितलीन?’’

‘‘बाई! हलकी नि चपळ आहे म्हणतो! नि दोघींना एकाच घरात ठेवणार, कप्पे करून! मी या कानांनी ऐकलं!’’

भिकाजी तांडेलांनी आयुष्यभर होडी चालवली होती. वाऱ्यात पलीकडच्या होडीला हाक घालून घालून त्यांचा आवाज असा झाला होता की, ते देवाला नमस्कार करताना पुटपुटले तरी शेजारचा ‘ओ’ द्यायचा. ते फक्त एक शब्द बोलले. ‘‘बाबल्या!’’

बाबल्या हा त्यांचा पुतण्या. दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागायचं. त्याने मासे न्यायचा छोटा टेम्पो काढला, काका शेजारी बसले, आणि बर्फाचं पाणी सांडत दोघं पावसच्या रस्त्याला लागले.

इकडे दीपकला यातलं काही माहीत नव्हतं. समर्थने सांगितलं होतं की आधी जुनी काढ, मग दोघींना वेगवेगळ्या कप्प्यांत नव्याने बांध. ‘‘आणि वेळ वाचवायचा असेल तर नको त्या सोयी बंद कर. ढीगभर भाषा असतात, अमकं असतं, तमकं असतं. कशाला बांधत बसतोस?’’ दीपकने धडाधड सोयी बंद केल्या. मग जुनीवर हात टाकला. मशीनने विचारलं, खरंच काढू? दीपक म्हणाला, काढ. मशीनने पुन्हा बजावलं, अहो, पुष्कळ जणांना ती लागते! दीपकने डोळे मिटून बटण दाबलं.

जुनी गेली! आणि तिच्याबरोबर पडद्यावरची चित्रं गेली, खिडक्या गेल्या, बाण गेला. उरला तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. राजश्रीचं पुण्याचं टेबल, आंबापोळ्यांची रचलेली खोकी, चैत्रापासून उन्हात उभी राहून तिने थरावर थर दिलेली ताटं, सगळं दीपकच्या डोळ्यांसमोर आलं. तो रेघेकडे बघत राहिला. रेघ त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने कमांड दिली, आणि पडद्यावर अक्षरं पुन्हा धो धो वाहू लागली! बांधणी सुरू झाली! दीपक आनंदाने उठला, दोन्ही हात वर करून अंगणात धावला आणि ओरडला,

‘‘काढली! जुनीला काढली एकदाची!’’

समोर भिकाजी तांडेल उभे होते. त्यांच्या मागे बाबल्या होता, म्हणजे मागचं बाकी काही दिसत नव्हतं.

‘‘अरे वा, मामा! या या!’’ दीपक म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. आनंद सांगायला माणूस हवं असतं.

‘‘जुनीला काढलीस?’’ तांडेलांचा आवाज अगदी खाली होता. फणसावरचे कावळे फक्त उडाले.

‘‘काढली मामा! नाइलाजच होता. सकाळपासून अडून बसली होती.’’

‘‘नाइलाज!’’ तांडेलांनी पडवीचा खांब धरला. ‘‘नि नवी?’’

‘‘येतेय! तासाभरात येईल!’’

‘‘कुठली हाय?’’

‘‘मूळची जर्मनीची.’’

बाबल्याने आ वासला. ‘‘काका, जर्मनीची!’’

‘‘मना ऐकाला येतंय. कोणी दिलीन तुला?’’

‘‘कुणी द्यायची गरज नाही मामा, कुणीही घ्यावी! फुकट असते! आणि एकदा आपल्याकडे आली की आपल्याला हवी तशी करून घ्यायची. नको त्या सोयी मी आधीच बंद केल्या.’’

तांडेल मटकन पायरीवर बसले. एवढी वादळं पाहिलेला माणूस, पण त्यांच्या कपाळाला घाम आला. बाबल्याने बाह्या वर केल्या आणि आज्ञाधारकपणे विचारलं, ‘‘काका, मारू काय?’’

‘‘थांब मेल्या. आधी त्याला बोलू दे.’’ तांडेलांनी वर पाहिलं, आणि त्यांचा तो आवाज एकदम फाटला. ‘‘दीपकराव, माझी पोर कुठे हाय?’’

दीपक गोंधळला. ‘‘राजश्री? ती तर गेली.’’

‘‘गेली!’’

‘‘सकाळीच! मी अपडेट म्हटलं आणि ती चप्पल घालून निघालीच!’’

‘‘ए बाबल्या,’’ तांडेल म्हणाले, ‘‘आता मार.’’

बाबल्याने दीपकला दोन्ही काखांत धरून उचललं. दीपकचे पाय जमिनीपासून सुटले. त्या उंचीवरून त्याला गडग्याच्या पलीकडे गोदूबाई स्टूल टाकून बसलेल्या दिसल्या, आणि रस्त्यावरून येणारी रिक्षाही दिसली. रिक्षातून राजश्री उतरली, मागून बरण्यांची पिशवी घेऊन मथुरा उतरली. अंगणात वडील, हवेत नवरा, हे बघून राजश्री म्हणाली,

‘‘बाबा? हे काय चाललंय? बाबल्या, ठेव त्याला खाली!’’

बाबल्याने ठेवलं. तांडेलांनी धावत जाऊन मुलीचा हात धरला. ‘‘चल गो बाय, कपडे भर! ह्या माणसान् तुला काढून टाकलीन नि जर्मनीची बाई आणलीन!’’

‘‘कोण बाई?’’ दीपक किंचाळला. ‘‘लायब्ररी आहे ती!’’

‘‘लायब्ररीतली काय!’’ गडग्यापलीकडून गोदूबाई म्हणाल्या. ‘‘तरीच मेला पुस्तकं बदलायला जायचा!’’

राजश्री आधी दीपककडे बघत राहिली. मग तिने पडवीतल्या काळ्या पडद्याकडे पाहिलं, त्यावरून वाहणारी अक्षरं पाहिली, आणि तिला जे हसू आलं, ते आवरेना! ती खांबाला धरून हसली, पायरीवर बसून हसली. मथुरा काही न कळता हसली. ‘‘बाबा,’’ राजश्री डोळे पुसत म्हणाली, ‘‘हा माणूस दुसरी आणणार? याला जेवायला उठवायचं तर मला खुर्ची ओढावी लागते! जुनी म्हणजे कॉम्प्युटरमधली. नवी पण तिथलीच.’’

तांडेलांनी जावयाची बनियन नीट केली, खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. ‘‘म्हणजे... कॉम्प्युटरमध्ये दोघी?’’

‘‘दोघी,’’ दीपक अपमानित स्वरात म्हणाला.

‘‘नि भांडतात?’’

‘‘आता नाही भांडणार. वेगळे कप्पे केलेत.’’

‘‘मी ऐकलं ते सांगितलं,’’ गोदूबाई आता अंगणातच आल्या होत्या. ‘‘एक अक्षर पदरचं घातलं नाही!’’ आणि ते खरंच होतं.

मग सगळं लटांबर पडवीत गेलं. तांडेल खुर्चीवर बसून पडद्याकडे टक लावून बघू लागले. जाळं ओढताना बघावं तसं. दर थोड्या वेळाने विचारायचे, ‘‘आली?’’ दीपक म्हणायचा, ‘‘येतेय.’’ तेवढ्यात वीज गेली! इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तगला, पण टेबलफॅन बंद पडला. डबा तापू लागला तसा बाबल्याने सूप उचललं आणि उघड्या डब्याला वारा घालायला लागला. त्याने असा वारा घातला की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात गेलं. मथुराने सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मघाशी ज्याला मारायचं होतं, त्याच्या कॉम्प्युटरला बाबल्या प्राणपणाने वारा घालत होता.

आणि अखेर अक्षरं थांबली! लाल ओळ नाही! खिडक्या परत आल्या, बाण परत आला. जुनी आपल्या कप्प्यात, नवी आपल्या कप्प्यात!

‘‘आली!’’ दीपक ओरडला.

‘‘आलीऽऽ!’’ तांडेलांनी साद घातली. ती बहुधा पूर्णगडला ऐकू गेली.

दीपकने पहिलं लेबल छापायला सोडलं. प्रिंटर कण्हला, खाकरला, आणि लेबल बाहेर आलं. तांडेलांनी मानाने ते हातात घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागले. ‘‘रा... ज... श... र... ही काय?’’

दीपकने लेबल ओढून घेतलं. जोडाक्षरं सुटून अक्षरं एकमेकांपासून लांब जाऊन बसली होती. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर चढल्या होत्या. ‘रत्नागिरी’ मधली वेलांटी तर घर चुकलेल्या पाहुण्यासारखी एकटीच मध्ये उभी होती! बंद केलेल्या ‘ढीगभर भाषां’च्या सोयीत आपली मराठी जोडून लिहिण्याची सोयसुद्धा होती.

‘‘सोपं आहे,’’ दीपक क्षीण आवाजात म्हणाला. ‘‘ती सोय चालू करायची आणि फक्त... पुन्हा बांधायचं.’’

बाबल्याच्या हातातलं सूप खाली पडलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

दीपकने राजश्रीकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलेलं असणार, असं त्याला वाटलं. ती शांतपणे बरण्यांच्या पिशवीत हात घालत होती. तिने एक जाडजूड पाकीट काढलं, रबर काढलं, आणि टेबलावर लेबलांची चळत ठेवली. गुळगुळीत, केशरी, कोपऱ्यात हापूसचं चित्र, आणि ‘रत्नागिरी’ ची प्रत्येक वेलांटी आपापल्या घरी.

‘‘ही कुठून आली?’’ दीपकने विचारलं.

‘‘रत्नागिरीहून. छापखान्यातून छापून आणली.’’

‘‘पण तू तर बरण्या आणायला...’’

‘‘बरण्यासुद्धा आणल्या ना. तू ‘जरा अपडेट मारतो’ म्हणालास, तेव्हाच रिक्षा बोलावली.’’

मग सगळे चिकटवायला बसले. तांडेलांनी होडीला रंग द्यावा तशी हलक्या हाताने लेबलं लावली. बाबल्याने खोकी दोन-दोन उचलून टेम्पोत भरली. दीपक एकेक बरणी पुसून देत होता. मध्येच राजश्रीने त्याच्या तोंडात आंबापोळीचा तुकडा कोंबला, त्यामुळे तो सिद्धांत सांगायचा थांबला. टेम्पो वेळेवर सुटला.

निघताना तांडेल दीपकला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘दीपकराव, जरा चूक झाली. येताना वाटेत मी चार लोकांना बोललो.’’

चार लोक म्हणजे पूर्णगड. रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. कुणी नारळ घेऊन, कुणी सुके बांगडे घेऊन, सगळी ‘सहज आलो होतो’ म्हणत. दीपकला तर पर्वणीच! त्याने प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं, जुनी कशी अडली, नवी कशी आली, दोघी कशा नांदतात, हे पहिल्यापासून समजावून सांगितलं. ऐकणारे एकेक करून ‘गाय बांधायची आहे’ म्हणत उठून गेले. शेवटपर्यंत बसल्या त्या एकट्या तांडेलांच्या बहीण हौसाआत्या. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकलं, दोन वेळा चहा घेतला. इतका मन लावून ऐकणारा माणूस दीपकला जन्मात भेटला नव्हता.

‘‘समजलं ना आत्या सगळं?’’ त्याने भारावून विचारलं.

‘‘समजला बाबा, समजला.’’ आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, ‘‘पण ती आतून बाहेर का येत नाय? लाजते काय?’’